टप गेला, बस राहिली

दुमजली बसचा टप काढून ती समुद्राकाठी फिरवायची ही कल्पना कुणाला सुचली, या प्रश्नाचं उत्तर उलट्या टोकापासून द्यावं लागतं. मुळात टप नव्हताच. १९१० साली लंडनच्या रस्त्यांवर आलेली आणि तिथे मोटारबस खऱ्या अर्थाने रुळवणारी ‘बी-टाइप’ बस वरून उघडीच होती. पाऊस आला की वरच्या मजल्यावरच्या उतारूने पुढच्या बाकाच्या पाठीला लावलेली ताडपत्री ओढून मांडीवर घ्यायची आणि तसंच कामावर जायचं. विडनेस या उत्तरेकडच्या कारखानदारीच्या गावाने १९०९ मध्येच टप असलेली दुमजली बस चालवून दाखवली होती. पण लंडनमध्ये बसला परवाना द्यायचा तो पोलिसांनी, आणि एवढी उंच गाडी कलंडेल या धास्तीने ते टपाला राजी होत नव्हते. बुटक्या चासीच्या ‘एनएस’ बसला १९२५ मध्ये ती मुभा मिळाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत उघडी बस शहरांतून नाहीशी झाली. रोज भिजत जाणाऱ्यांना ते सुखाचंच वाटलं असणार.

समुद्राकाठी मात्र ती राहिली. ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या सुट्टीच्या गावांमध्ये, ईस्टबोर्नपासून टॉर्कीपर्यंत आणि हेस्टिंग्जपासून आइल ऑफ वाइटपर्यंत, उघड्या बसचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास सापडतो. त्याच्याकडे गंमत म्हणून पाहिलं जातं. वृत्तपत्रांत उन्हाळ्याच्या सुरुवातीला एखादा फोटो येतो, वर बसलेली मुलं हात हलवताना दिसतात आणि विषय संपतो. माझ्या मते या इतिहासाकडे दुसऱ्या कारणासाठी पाहायला हवं. जुन्या सार्वजनिक गाड्या टिकतात कशा आणि मोडीत जातात कशा, याचा इतका स्पष्ट धडा दुसरीकडे मिळत नाही.

पहिली महत्त्वाची गाडी १९२९ सालची. साउथडाउन ही ससेक्सच्या किनाऱ्यावरची मोठी बस कंपनी. लेलँडची ‘टायटन’ चासी दोनच वर्षांपूर्वी बाजारात आली होती आणि बुटकी बांधणी, टप असलेला वरचा मजला हीच तिची जाहिरात होती. साउथडाउनने त्याच चासीवर मुद्दाम उघड्या बॉडी बांधून घेतल्या. मागच्या बाजूला बाहेरून वळत वर जाणारा जिना, वर आकाश. त्या तुकडीतली यूएफ ४८१३ क्रमांकाची गाडी आजही धडधाकट आहे. अशा गाड्यांनी जो रस्ता गाजवला तो ईस्टबोर्नहून बीची हेडला जाणारा. समुद्रसपाटीपासून १६२ मीटर उंचीचा, ब्रिटनमधला सर्वांत उंच चुनखडीचा कडा. ईस्टबोर्नला तसाही बसचा अभिमान फार, कारण नगरपालिकेने स्वतः मोटारबस चालवायची सुरुवात जगात प्रथम तिथे झाली, एप्रिल १९०३ मध्ये. कड्यावर जाताना एका बाजूला गवताळ उतार आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असतो. तिथे टप म्हणजे अडथळाच. शहरात जी उणीव होती तीच इथे विकायची वस्तू झाली.

हेस्टिंग्जची कहाणी याहून विलक्षण. तिथे १९२८ मध्ये ट्रॉलीबस सुरू झाल्या. रबरी चाकांच्या, पण डोक्यावरच्या तारांमधून वीज घेऊन धावणाऱ्या. त्यांतल्या आठ गाड्या ‘गाय’ कंपनीच्या, सहा चाकांच्या आणि वरून उघड्या. टपच नाही म्हटल्यावर तारांना भिडणारे दांडे बसवायचे कुठे? त्यासाठी उतारूंच्या डोक्यावर लोखंडी चौकट उभारली होती. या आठांपैकी तीन नंबरची गाडी १९५३ मध्ये, राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, रोषणाई करून समुद्राकाठच्या रस्त्यावर पुन्हा आणली आणि तिला ‘हॅपी हॅरल्ड’ हे नाव मिळालं. १०६६ मध्ये याच परिसरात लढाईत पडलेल्या हॅरल्ड राजाचं हे नाव. १९५९ मध्ये ट्रॉलीबस बंद झाल्या, तारा उतरल्या. हॅरल्डच्या पोटात मग डिझेल इंजिन बसवलं आणि ती तारेविना धावू लागली. काटेकोर संग्राहक यावर नाक मुरडतात, ट्रॉलीबसला इंजिन बसवणं म्हणजे तिचा आत्माच काढून घेणं असं त्यांचं म्हणणं. पण त्या आठ गाड्यांमधली आज रस्त्यावर दिसते ती हीच.

बोर्नमथनेही १९५८ मध्ये १९३५ च्या सुमाराच्या काही ट्रॉलीबसचे टप काढून त्या किनाऱ्यावर फिरवल्या. त्यांतलीही एक जपली गेली आहे.

१९५० चं दशक हा या गाड्यांचा सुवर्णकाळ, आणि तो आला कुठून हे समजून घेण्यासारखं आहे. १९३८ मध्ये ब्रिटनमध्ये पगारी रजेचा कायदा झाला. गिरणी आणि खाण कामगारांना आठवडाभर सुट्टी घेऊनही घरी पैसे येतील अशी सोय झाली. पण लगेच युद्ध पेटलं, दक्षिण किनाऱ्यावर काटेरी तारा लागल्या, पुळणी बंद झाल्या. युद्ध संपल्यावर साचलेली सगळी गर्दी एकदम समुद्राकडे लोटली. बस कंपन्यांकडे तेव्हा युद्धापूर्वीच्या, रोजच्या फेऱ्यांतून काढायला आलेल्या पुष्कळ गाड्या उभ्या होत्या. हिशेबाच्या वहीत त्यांची किंमत फिटलेली. नवी बस वर्षभर राबली तर परवडते. उन्हाळ्याचे चार महिने चालून आठ महिने शेडमध्ये उभी राहायची असेल तर किंमत फिटलेलीच गाडी हवी. त्यामुळे १९५५ च्या उन्हाळ्यात टॉर्कीला डेव्हन जनरल कंपनीने १९३४ सालच्या एईसी रीजेंट बसचे टप काढून त्या चालवल्या, आणि अशाच गोष्टी किनाऱ्यावर ठिकठिकाणी झाल्या. वीस वर्षं राबलेल्या गाडीला तिकिटाचा दर मात्र साध्या फेरीपेक्षा जास्त.

टप काढणं ऐकायला सोपं वाटतं. डेपोच्या वर्कशॉपमध्ये ते कसं चालायचं ते जरा जवळून पाहू. त्या काळच्या बॉडीचा सांगाडा बहुधा लाकडाचा, वरून पत्रा ठोकलेला. टप हा त्या सांगाड्याला वरून बांधून ठेवणारा पट्टा. तो काढला की खांब मोकळे होतात आणि खड्ड्यांतून जाताना बाजू आत-बाहेर हलू लागतात. म्हणून वरच्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीपाशी कापल्यावर कडेने आडवा पट्टा घालून सगळं पुन्हा बांधावं लागे, आणि त्यावर मुलांनी वाकू नये म्हणून कठडा. दिवे आणि घंटीच्या तारा टपातून जात असत, त्या खाली वळवायच्या. कापडी गाद्या जाऊन रेक्झिन किंवा लाकडी पट्ट्यांची बाकं यायची. समोर वारा अडवायला बुटकी काच. आणि सगळ्यांत मोठं काम पाण्याचं. वरच्या मजल्याची जमीन आता छप्पर झालेली असते. तिचे सांधे बुजवायचे, कोपऱ्यांत पाणी निघायला भोकं ठेवायची, जिन्याच्या तोंडाशी उंबरा करायचा. यांतलं काही चुकलं तर पाणी मुरून खालचे खांब कुजतात, आणि खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो तो वेगळाच. इतकी मेहनत घेऊन ज्या गाड्या केल्या त्या चांगल्या निगराणीत राहिल्या, यात नवल नाही.

आइल ऑफ वाइटची सीडीएल ८९९ ही या पिढीची सर्वांत भाग्यवान गाडी. १९३९ सालची ब्रिस्टल के-फाइव्ह-जी. त्यातला पाचाचा आकडा पाच सिलिंडरच्या गार्डनर इंजिनाचा. सात लिटरचं हे इंजिन धडधडतं खूप, चढावर दमतं, पण बंद पडत नाही आणि डिझेल जपून पितं. सदर्न व्हेक्टिस कंपनीने वीस वर्षं साध्या फेऱ्यांवर वापरल्यावर १९५९ मध्ये तिचा टप काढला. त्यानंतर तिच्या बरोबरीच्या बहुतेक गाड्या भंगारात गेल्या. ती मात्र बेटावरच राहिली, लोक तिला ‘ओल्ड गर्ल’ म्हणजे म्हातारी म्हणू लागले. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या वर्षी बांधलेली गाडी त्याच कंपनीच्या ताफ्यात इतकी वर्षं राहिली याचं एकमेव कारण टप नसणं. टप असता तर १९६० च्या आसपास तिचा हिशेब संपला असता.

पुढे कंपन्यांनी कारखान्यातूनच काढता-घालता येणाऱ्या टपाच्या बस मागवल्या. टपाचे तुकडे बोल्टने जोडलेले, वसंतात यारीने उचलून डेपोत ठेवायचे आणि शरदात परत बसवायचे. त्यामुळे हीच बस हिवाळ्यात शाळा-बाजाराच्या फेऱ्या करू शके आणि आठ महिने उभं राहण्याचा प्रश्न सुटला. डेव्हन जनरलने १९६१ मध्ये घेतलेल्या नऊ लेलँड अटलांटियन बस या प्रकारात सर्वांत नावाजलेल्या. इंजिन मागे, दार पुढे, अशी तेव्हाची अगदी नवी रचना. रंग मलईचा आणि लाल. प्रत्येकीला जुन्या आरमारी कप्तानाचं नाव, म्हणून त्या ‘सी डॉग्ज’. ॲडमिरल ब्लेक, सर फ्रान्सिस ड्रेक, सर वॉल्टर रॅले, सर जॉन हॉकिन्स. डेव्हन ही खलाशांची भूमी, त्यामुळे नावं त्या किनाऱ्याला शोभली. तरी हॉकिन्स हा आफ्रिकेतून माणसं पकडून विकणाऱ्या पहिल्या इंग्रजांपैकी एक होता हे आज विसरून चालणार नाही. जपलेल्या बसवर त्याचं नाव असेल तर तो इतिहासही शेजारी सांगायला हवा.

साउथडाउननेही १९६४ पासून त्यांच्या ‘क्वीन मेरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टायटन पीडी-थ्री बस निघत्या टपाच्या घेतल्या, बोर्नमथने १९६५ मध्ये डेमलर फ्लीटलाइन घेतल्या, आणि १९७७-७८ मध्ये राष्ट्रीयीकृत बस कंपन्यांनी ब्रिस्टल व्हीआर. या काळाबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं मला वाटत नाही. त्या चांगल्या गाड्या होत्या, पण त्या ठरवून बांधलेल्या होत्या आणि माझं लक्ष वेधतात त्या वाचलेल्या गाड्या.

मग ओहोटी लागली. विमानाचं तिकीट आणि हॉटेल एकत्र देणाऱ्या स्वस्त सहलींनी ब्रिटिश कुटुंबांना १९६० आणि ७० च्या दशकांत स्पेनच्या उन्हात नेलं. ज्या गावांत जुलैमध्ये खोली मिळत नसे तिथे ‘खोल्या रिकाम्या’ अशा पाट्या लागल्या. १९६८ च्या कायद्याने नव्या, कंडक्टर न लागणाऱ्या बससाठी सरकारी अनुदान मिळू लागलं. मागे उघडा फूटबोर्ड असलेल्या जुन्या बसला कंडक्टर लागायचाच, म्हणून ती आणखी महाग पडू लागली. ऑक्टोबर १९८६ मध्ये बस वाहतुकीवरचं नियंत्रण उठल्यावर तर प्रत्येक फेरीचा नफा-तोटा स्वतंत्रपणे मोजला जाऊ लागला. या काळात यॉर्कशायरमधल्या बार्न्सली परिसरातल्या भंगारवाल्यांकडे देशभरातून बसच्या रांगा जात होत्या. दुमजली बसच्या बाबतीत ब्रिटनमधला वारसा जितका जपला गेला त्याच्या कितीतरी पट तिथे कापला गेला.

त्या रांगेतून सुटलेल्या गाड्यांचा आणखी एक गट आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. दुमजली बसच्या मार्गावर झाडांच्या फांद्या काचांवर आपटतात. त्या छाटायला कंपन्यांना अशी गाडी हवी असे जिच्या वरच्या मजल्यावर माणसं कोयते-करवती घेऊन मोकळेपणी उभी राहू शकतील. त्यासाठी जुन्या बसचा टप काढून ती हिरव्या किंवा राखाडी रंगात वर्षानुवर्षं वापरली जाई. उतारू तिच्यात कधी चढत नसत, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नसे. आज मेळाव्यांत चकाकताना दिसणाऱ्या कित्येक युद्धपूर्व बस मधली वीस-पंचवीस वर्षं अशा फांद्या छाटत होत्या.

इथे संग्राहकांमधला जुना वाद समोर येतो. १९३९ ची बस हाती आली, १९५९ मध्ये तिचा टप कापलेला. आता काय करायचं? एक पक्ष म्हणतो, नवा टप बांधा, तिला जन्माच्या रूपात आणा. दुसरा म्हणतो, ती टपासह वीस वर्षं आणि टपाविना त्याच्या कितीतरी पट जगली, तिचं खरं रूप हेच. पहिल्या पक्षाची तळमळ मला कळते. मूळ लाकूडकाम आणि वरच्या मजल्याची मूळ घडण एकदा गेली की परत येत नाही, आणि काही मॉडेलची टप असलेली एकही बस उरलेली नाही हे खरं नुकसान आहे. तरी मी दुसऱ्या पक्षाचा आहे. गाडीने आयुष्यात केलेलं काम तिच्या अंगावर दिसायला हवं. कापलेल्या खांबांचे सांधे, नंतर घातलेला कठडा, पाण्याची भोकं हाही दस्तऐवज आहे. नवा टप बांधणं म्हणजे त्यावर रंग फासणं. शिवाय ससेक्समधल्या ॲम्बर्ली संग्रहालयात किंवा १९६२ पासून ब्राइटनच्या मडीरा ड्राइव्हपर्यंत जाणाऱ्या जुन्या व्यावसायिक गाड्यांच्या फेरीत लोक ज्या गाड्यांभोवती गर्दी करतात त्यांत उघड्या गाड्या ठळकपणे असतात. लोकांना त्या ओळखीच्या वाटतात, कारण लहानपणी ते त्यांत बसलेले असतात.

आणि ही परंपरा अजून चालू आहे. आइल ऑफ वाइटवर ॲलम बेहून नीडल्सच्या जुन्या तोफखान्याकडे कड्याच्या कडेने चढणारा अरुंद रस्ता खासगी मोटारींना बंद आहे, उघडी बस मात्र जाते. वर बसलं की चाक आणि समुद्र यांच्यामध्ये काही आहे की नाही असा संशय यावा इतका तो कड्याला लागून आहे. बोर्नमथहून स्वॉनेजला जाणारी बस तर सँडबँक्सला साखळीच्या फेरीबोटीवर चढते. पूल या गावाच्या बंदराच्या मुखातून ही बोट तळाशी टाकलेल्या साखळ्या ओढत स्वतःला पलीकडे नेते, १९२६ पासून. चालक इंजिन बंद करतो, बस जागेवर आणि पाणी सरकतंय, डोक्यावर टप नाही, जहाजाच्या डेकवरच्या डेकवर बसल्यासारखं ते काही मिनिटं. ब्लॅकपूलमधल्या १९३४ च्या होडीच्या आकाराच्या उघड्या ट्रामही याच कुळातल्या, आणि त्यांतल्या दोन सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर पोहोचल्या आहेत. आजच्या नियमित फेऱ्यांवरच्या उघड्या बस बहुधा शहरात दहा-बारा वर्षं राबलेल्या, खालच्या जमिनीच्या, म्हणजे व्हीलचेअर थेट आत नेता येणाऱ्या गाड्या असतात. टप कापण्याचं जुनं गणित तसंच आहे, फक्त गाडीची पिढी बदलली.

जुन्या गाड्या मात्र आता रोजच्या फेऱ्यांवर दिसत नाहीत, आणि त्याचं कारण योग्य आहे. अपंग प्रवाशांना चढता-उतरता आलं पाहिजे असा ब्रिटनमधला नियम २०१७ च्या सुरुवातीपासून सर्व दुमजली बसना लागू झाला. १९३९ ची बस तो कधीच पाळू शकणार नाही. पण नियम करणाऱ्यांनी एक खिडकी ठेवली. वीस वर्षांहून जुनी गाडी वर्षातून वीस दिवसांपर्यंत या नियमाशिवाय उतारू घेऊन चालवता येते. वीस दिवस थोडेच. पण त्या वीस दिवसांसाठी गार्डनर इंजिन दुरुस्त करणारा माणूस, लाकडी सांगाडा जोडणारा सुतार आणि सिंक्रोमेश नसलेल्या गिअरबॉक्सवर गिअर टाकता येणारा चालक कुणाला तरी तयार ठेवावे लागतात, आणि ती विद्या शिल्लक राहते.

मराठी वाचकाला हे सगळं दूरचं वाटायला नको. बेस्टने मुंबईत १९२६ मध्ये बस सुरू केल्या आणि १९३७ मध्ये दुमजली बस आणल्या. साउथडाउनच्या ‘क्वीन मेरी’ ज्या टायटन पीडी-थ्री चासीवर होत्या तिचाच भारतीय अवतार अशोक लेलँडने १९६७ मध्ये ‘टायटन’ याच नावाने काढला, आणि कित्येक वर्षं मुंबईची लाल डबल डेकर म्हणजे तीच. २६ जानेवारी १९९७ ला एमटीडीसी आणि बेस्टची ‘नीलांबरी’ ही ओपन डेक बस सुरू झाली. गेटवेपासून फोर्ट, सीएसएमटी, हुतात्मा चौक करत मरीन ड्राइव्हच्या वाऱ्यात. अखेरच्या काळात वरच्या मजल्याचं तिकीट १५० रुपये आणि खालचं ७५. लोक दुप्पट पैसे द्यायला तयार होते. १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची साधी जुनी डबल डेकर थांबली आणि ५ ऑक्टोबरला शेवटची ओपन डेक. कारण एकच, गाड्यांचं १५ वर्षांचं ठरलेलं आयुष्य संपलं.

दक्षिण इंग्लंडमध्ये ज्या वयात बसचा टप निघून तिचं दुसरं आयुष्य सुरू व्हायचं, जवळजवळ त्याच वयात आपल्याकडे ती रद्द होते. सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून थांबवण्याचा केंद्राचा नियम परिवहन उपक्रमांच्या बसनाही लागू आहे. दिल्लीचं धुराचं आणि हवेचं दुखणं पाहता त्यामागचा हेतू मला पटतो. पण अपवादाची खिडकी कुठे आहे? २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली, तिला ‘व्हीए’ अशी वेगळी अक्षरंही दिली. ती ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि मोटारींना मिळते, खासगी हौसेपुरती, भाड्याने उतारू नेण्यासाठी नाही, आणि बॉडीत मोठा बदल केलेला नसावा अशी अट. बस त्या चौकटीत येतच नाही, आणि टप कापलेली बस तर अजिबात नाही. मोटारी आणि मोटरसायकली जपणाऱ्या हौशी मालकांसाठी कायद्याने जागा केली. लाखो लोकांनी मिळून वापरलेल्या गाडीसाठी नाही.

नव्या वातानुकूलित विजेच्या डबल डेकर मुंबईत आल्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. पण जुन्यांतल्या दोन-तीन गाड्यांना वर्षाचे मोजके दिवस मरीन ड्राइव्हवर उतारू घेऊन धावता यावं, त्यासाठी नियमात एक कलम आणि बेस्टच्या आणिक डेपोत दुरुस्तीचा एक खड्डा, दोन मेकॅनिक एवढंच लागेल. ते मेकॅनिक अजून मुंबईत आहेत. टायटनचा क्लच हाताने जुळवलेली माणसं आज साठीच्या आसपास असतील.